देवीने कौल दिलेलं ॲप

मोबाईलची ॲप बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. कोपरखैरण्यात एका चष्म्याच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे मी, एक टेबल आणि एक एसी, जो फक्त थंडीत नीट चालतो. नवं गिऱ्हाईक आलं की मी पहिला प्रश्न विचारते, नेटिव्ह की हायब्रीड? गिऱ्हाईक हुशार चेहरा करून म्हणतं, जे बेस्ट असेल ते. मग मी समजावत बसते. आयफोनसाठी वेगळं आणि अँड्रॉइडसाठी वेगळं, अशी दोन ॲप त्या त्या फोनच्या मापाने शिवायची, ते नेटिव्ह. एकदाच लिहायचं आणि तेच दोन्हीकडे चालवायचं, ते हायब्रीड. पहिल्यात मेहनत दुप्पट, पण ॲप अंगाबरोबर बसतं. दुसऱ्यात काम लवकर उरकतं, पण फोनच्या काही खोड्या सांभाळून घ्याव्या लागतात.

या प्रश्नाचा निकाल लोक कसा लावतात ते मी भरपूर पाहिलंय. कुणी मेहुण्याला विचारतो, कुणी शेजारच्या दुकानदाराने जे केलं त्याच्या बरोबर उलटं करतो. एकाने तर मला ज्योतिषाचा नंबर दिला आणि परस्पर बोलून घ्या म्हणाला. पण हा निकाल प्रत्यक्ष देवीने दिल्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात एकदाच आला, आणि तोही माहेरी.

माझं माहेर नेरूळच्या अंगाला, खाडीकाठी. भातशेती गेली, मिठागरं गेली, आजूबाजूला शहराचे सेक्टर उठले, आणि मधे आमचं गावठाण तेवढं उरलं. तिथे बिल्डिंगी इतक्या चिकटून आहेत की आपल्या ओट्यावरून हात लांबवून शेजारणीचं दूध उतरवता येतं. आमचीही एक बिल्डिंग आहे. आजोबांचं घर पाडून बाबांनी आणि माझ्या मोठ्या काकांनी मिळून ती बांधली. सगळं गोडीगुलाबीने पार पडलं. शेवटी फक्त नाव द्यायचं राहिलं.

बाबांना 'मातृछाया' हवं होतं. मोठ्या काकांना 'मातृकृपा'. आई एकच, तिला दोघंही सारखेच घाबरायचे, आणि तिच्या माघारी छाया मोठी की कृपा मोठी यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. दारावरची संगमरवरी पाटी कोरीच राहिली. आजही पार्सलवाले 'बिननावाची बिल्डिंग' असं विचारत गल्लीभर फिरतात आणि लोक त्यांना बिनचूक पाठवतात.

बाबा दुसऱ्या मजल्यावर, काका तिसऱ्या. एक जण लिफ्टमध्ये असला की दुसरा जिन्याने जायचा, त्यामुळे दोघांचे गुडघे या वयातही उत्तम राहिले. माझ्या आईचं आणि काकूचं मात्र काही बिघडलं नव्हतं. खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खालीवर व्हायची, आणि सुक्या बोंबलाची चटणी दोन्ही घरांत एकाच चवीची असायची. भांडण पुरुषांचं आहे, त्यांना भांडू दे, असं दोघींचं धोरण होतं.

बिल्डिंगीला दोन गेटं. एक वरच्या आळीत उघडतं, एक खालच्या. गाव सपाट आहे, पाणी कुठेही ओतलं तरी जागेवरच थांबतं, पण आळ्या वरची आणि खालची. भांडणानंतर काका वरच्या गेटाने जा-ये करू लागले आणि बघता बघता वरच्या आळीचे पुढारी झाले. बाबा खालच्या आळीचे झाले. यात सगळ्यात वाईट काय झालं असेल तर पालखीचं.

आमच्या देवीची पालखी चैत्रात निघते. देवळातून उचलताना दांडीच्या पुढच्या टोकाला पहिला खांदा दोन आळ्यांतल्या दोन माणसांचा. पूर्वी तो मान बाबांचा आणि काकांचा होता. लहानपणी मी दरवर्षी बघायचे, एकाचा डावा खांदा, एकाचा उजवा, आणि मधे दांडी. अबोला धरल्यापासून दोघंही आपापल्या आळीतल्या दुसऱ्याच कुणालातरी पुढे करू लागले आणि स्वतः गर्दीत मागे, एकमेकांपासून लांब राहून टाळ्या वाजवू लागले. बाबांचं वय होत चाललं होतं, काकांचं झालंच होतं. मला त्या दोघांना पुन्हा एकदा एका दांडीखाली बघायचं होतं. मी नवस वगैरे बोलणारी नाही. पण या एका गोष्टीसाठी मी काहीही करायला तयार होते, अगदी फुकट ॲपसुद्धा.

आणि नेमकं तेच मागायला गुरुजी आले. गुरुजी म्हणजे जत्रा कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, आम्हा सगळ्यांचे कान पिळून झालेले. त्यांची अडचण खरी होती. पालखी घरोघर थांबते, प्रत्येक दारात ओवाळणी होते, नाचवणं होतं, त्यामुळे ती कुणाकडे कधी पोचेल याचा भरवसा नाही. पूर्वी माणसं दिवसभर घरीच असायची. आता कुणाची ऑफिसं, कुणाचा एपीएमसीच्या बाजारात गाळा. रजा टाकून आलेल्या सुना सकाळपासून तबक घेऊन दारात उभ्या, आणि तबकातली निरांजनं विझून जातात. पालखी आत्ता कुठे आहे ते फोनवर दिसलं पाहिजे, असं गुरुजींचं म्हणणं. मी हो म्हटलं आणि सवयीने तोंडातून प्रश्न गेला, नेटिव्ह की हायब्रीड? गुरुजी म्हणाले, असे निर्णय अध्यक्ष एकटा घेत नसतो.

रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात मीटिंग भरली. एका बाजूला वरची आळी, एका बाजूला खालची, मधे मी आणि माझा लॅपटॉप. मी दोन्ही प्रकार सांगितले. हेही सांगितलं की हायब्रीड घेतलं तर एक खोट राहील. पालखीबरोबरच्या फोनची स्क्रीन बंद झाली की ॲप झोपणार आणि पालखी नकाशावर आहे तिथेच थिजणार. वेळ असता तर त्यावर तोड काढता आली असती, पण जत्रा दारात उभी होती. धंद्याच्या हिशेबाने मला नेटिव्ह बरं वाटत होतं. मनातून मात्र दोन आळ्यांचं एकच काहीतरी व्हावं असं वाटत होतं, आणि ते मी बोलले नाही.

तांत्रिक शंका कुणालाच नव्हती. शंका मानाच्या होत्या. वरच्या आळीत बहुतेकांकडे आयफोन, कारण स्टेशनकडच्या त्यांच्या गाळ्यांना भाडी चांगली येतात. खालच्या आळीत अँड्रॉइड. तेव्हा दोन ॲप बनवायची तर आधी कुणाचं, हा पहिला प्रश्न. बाबा म्हणाले, पालखी आधी खालच्या आळीत वळते, म्हणजे आधी अँड्रॉइड. वरची आळी उठून उभी राहिली. बरं, एकच बनवू म्हटलं तर काका म्हणाले, आमच्या महागाच्या फोनात आणि त्यांच्या फोनात एकच वस्तू असेल तर आम्ही महागाचे फोन घेतले कशाला? हे ते बाबांना उद्देशून, पण बघत होते खांबाकडे. बाबांनीही खांबालाच उत्तर दिलं. त्या खांबाने अशी भांडणं वर्षानुवर्षं ऐकलेली होती.

चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी गुरुजी म्हणाले, आता आईलाच विचारू.

आमच्याकडे अडलेलं काम असं सुटतं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा, आणि कुठली आधी गळते ते बघत बसायचं. याला कौल लावणं म्हणतात. लग्नं ठरली आहेत कौलाने, बोअरवेलच्या जागा ठरल्या आहेत. उजवी पडली तर हायब्रीड, डावी पडली तर नेटिव्ह, असं ठरलं. पुजाऱ्याने मला गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बोलावून प्रश्न नीट समजून घेतला. मी जीव तोडून पाचेक मिनिटं बोलले. त्याने डोळे मिटले आणि देवीला सांगितलं, "आई, ही पोर इचारतंय, दोघांचा येकच करू का येगला येगला करू?" माझ्या सगळ्या इंजिनिअरिंगचं सार त्याने एका वाक्यात बसवलं, आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काढायला जागा नव्हती.

उजवी पाकळी पडली. एकच ॲप नको असलेली वरची आळी म्हणाली, पंख्याने पडली. खालची आळी म्हणाली, पंखा तर तुमचाच, पात्यांवर तुमच्या देणगीदाराचं नाव रंगवलंय, तो आमच्या बाजूने कशाला फिरेल? पंखा बंद झाला. पुन्हा पाकळ्या लावल्या. चैत्रातली दुपार, पन्नास माणसं, आणि बंद पंखा. सगळे घामाने निथळत देवीच्या खांद्याकडे टक लावून बसलेले. माझा नवरा मूळचा साताऱ्याकडचा, बायकोला सोडायला म्हणून आलेला, तो माझ्या कानाशी म्हणाला, "तुमच्याकडं देवालाबी कामाला लावत्यात की." तेवढ्यात पुन्हा उजवीच पडली. घंटा वाजली. इतक्या ठामपणे मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने काम दिलेलं नाही.

ॲप मी वेळेत केलं. पण देवीने एकच ॲप सांगितलं होतं, फोन किती ते सांगितलं नव्हतं. पालखीबरोबर एक फोन असला तरी पुरतो. पण तो कुणाचा असावा यावरून पुन्हा मीटिंग बसली, आणि दोन्ही आळ्यांचा एकेक असा तोडगा निघाला. त्यामुळे नकाशावर एकाच देवीच्या दोन पालख्या दिसणार होत्या, खालच्या आळीची निळी, वरच्या आळीची लाल. मी हे समजावून सांगितलं. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. फोन पालखीत ठेवू म्हटलं तर पुजारी म्हणाला, तिथे देवी बसते, तिथे कव्हर घातलेला फोन चालणार नाही. मग फोन गळ्यात अडकवून कुणीतरी जबाबदार माणसाने दिवसभर बरोबर चालायचं आणि स्क्रीन बंद होऊ द्यायची नाही, असं ठरलं. जबाबदार कोण? खालच्या आळीने बाबांकडे बोट दाखवलं. ते बघून वरच्या आळीने काकांकडे दाखवलं. मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसले, कारण मला हसू आवरत नव्हतं आणि थोडं रडूही येत होतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी दोघांच्या गळ्यात फोन अडकवले. बाबांचा फोन साधा, बोट फिरवलं की उघडणारा. काकांचा चेहरा ओळखून उघडणारा. त्याला आकडेही असतात, पण ते त्यांच्या मुलीने घातले होते आणि ती पनवेलला. "मना काय गरज, माजा थोबडा हाय ना," असं काकांचं म्हणणं. ढोल लागले, पालखी उठली. पहिला खांदा नेहमीप्रमाणे दुसऱ्याच दोघांनी दिला. बाबा पालखीच्या उजव्या अंगाने, काका डाव्या अंगाने, दोघंही छातीवरचा फोन दोन्ही हातांनी पुढे धरून, आरतीचं तबक धरावं तसे चालले होते. मी पुढे उलटी चालत होते, खांद्याला पॉवर बँकांची पिशवी.

थोड्याच वेळात वरच्या आळीतून बोंब आली. निळी पालखी रस्त्यावर दिसत होती आणि लाल पालखी खाडीत. जीपीएसचा खेळ असतो तो, उंच बिल्डिंगींमुळे ठिपका भरकटतो. पण वरच्या आळीतल्या बायका हवालदिल झाल्या. आमचीच देवी पाण्यात का, त्यांची कोरड्यावर का? गुरुजींनी दोन्ही फोन बघितले आणि आपलं शास्त्र मांडलं. दोघं लांब लांब चालतात म्हणून पालख्या लांब लांब दिसतात, दोघांनी जवळ चालावं. असं काही नसतं. ठिपक्याला माणसांच्या अंतराशी काही देणंघेणं नसतं. हे मला माहीत होतं, आणि मी तोंडातून अक्षर काढलं नाही.

मग काय, अख्खं गाव ओरडायला लागलं. गच्च्यांवरून, खिडक्यांतून, जवळ या, अजून जवळ या. सूनबाया तबकं हातात घेऊन नकाशे तपासत होत्या आणि हुकूम सोडत होत्या. बाबा आणि काका एक पाऊल सरकले, मग अजून एक. शेवटी पालखीच्या पुढे दोघं खांद्याला खांदा लावून चालू लागले, एक डावीकडच्या बिल्डिंगीकडे बघत, एक उजवीकडच्या. योगायोगाने लाल ठिपका खाडीतून बाहेर आला. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेतले सगळे कमी पडलेले मार्क मला आठवले.

दुपारनंतर पालखी बोळाच्या तोंडाशी आली. हा बोळ म्हणजे आमच्या गावठाणाची खरी ओळख. दोन्हीकडच्या लोकांनी बांधकाम पुढे काढत काढत मधे पालखीच्या रुंदीएवढीच वाट ठेवली आहे, ती सुद्धा देवीला घाबरून. त्यातून फक्त दांडीखालची माणसं जाऊ शकतात, आणि बोळात देवीच्या पुढे चालायची रीत नाही. बाकीच्यांनी वळसा घालून पलीकडे जायचं. पण फोन वळसा घालून गेले असते तर नकाशावर देवीनेही वळसा घातला असता, आणि बोळातली घरं तबक घेऊन बसलेली. पालखी थांबली. सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग पुढच्या टोकाच्या दोघांनी, कुणी काही न सांगता, खांदा खाली केला आणि बाजूला झाले.

बाबांनी डावा खांदा दिला. काकांनी उजवा दिला. मधे दांडी.

मी आधीच बोळात शिरून एका घराच्या दारात उभी होते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसत नव्हते, कारण हातात पॉवर बँक होती. वरून खिडक्यांतून गुलाल पडायला लागला. बोळात गुलाल उडत नाही, तसाच डोक्यावर बसतो. दोघंही कपाळापासून गळ्यापर्यंत लाल झाले. एकमेकांकडे त्यांनी अजूनही पाहिलं नव्हतं. वाटलं, एवढंच मिळणार, आणि एवढं मिळालं तरी पुष्कळ झालं.

बोळाच्या मधोमध काकांचा फोन दांडीखाली दाबला गेला आणि त्याची स्क्रीन बंद पडली. नकाशावर वरच्या आळीची लाल पालखी थिजली. वरून एक बाई खिडकीतून डोकं काढून विचारू लागली की देवी इथे खाली दिसते तर फोनात हलत का नाही. काकांचा एक हात दांडीवर होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी भिंतीचा आधार घेतला होता, कारण मागून रेटा येत होता. ते मान खाली घालून फोनकडे नुसतेच बघत राहिले. मी पुढे सरकले, पण दांडीचं टोक आडवं आलं. ढोल बोळाबाहेर राहिले होते, त्यामुळे आत चांगलीच शांतता होती.

बाबा म्हणाले, "दादा, तुजा फोन बंद परला."

बोळातल्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. काकांनी भिंतीवरचा हात पुन्हा नीट टेकवला. मग म्हणाले, "माजा हात मोकला नाय. तूच बघ."

बाबांनी दांडीखालून दुसरा हात काढला, काकांच्या छातीवरचा फोन उचलला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. फोनने काकांना ओळखलं नाही. बाबांनी तो जरा मागे नेला, पुढे आणला, तिरका केला. काका डोळे मोठे करून फोनात बघत होते. फोन काही मानेना. इतक्या गुलालाखाली मीही त्यांना ओळखलं नसतं. बाबांनी फोन सोडला, खांद्यावरचा पंचा ओढला आणि काकांचं तोंड पुसायला लागले. आधी कपाळ, मग एकेक डोळा, मग नाक. काकांनी लहान मुलासारखे डोळे मिटून घेतले होते. "उगर आता," बाबा म्हणाले. काकांनी डोळे उघडले. समोर फोन नव्हता, बाबांचा चेहरा होता.

मी हात घालून मधला फोन वर केला. त्याने काकांना ओळखलं, नकाशावर लाल पालखी चालू लागली आणि खिडकीतली बाई हलली हलली म्हणून सांगू लागली. मी बाबांना म्हटलं, झालं, उघडला. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण मी अगदी शेजारी होते. पण ते काकांचे कान पुसत होते, मग मान पुसली, आणि मागची पालखी तोपर्यंत थांबून राहिली.